कर्नलसाहेबांच्या काचपेटीतला चेंडू आणि माझी उरलेली मिळकत

मी, उत्तम नामदेव तेलगोटे, वय बहात्तर, मूळ जिल्हा अकोला, गेली चाळीस वर्षे जयपूर, हल्ली मुक्काम दुर्गापुरा, रेल्वेच्या डब्यांवर अक्षरे रंगवण्याच्या कामातून सुपरवायझर म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे. कोणाचेही दडपण नाही. पत्नी रत्नमाला हिने आंघोळीसाठी दोनदा हाक मारली आहे, ते दडपणात धरलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. दुर्गापुऱ्याचे घर आणि बँकेतील ठेवी रत्नमालेच्या. तिच्या हयातीत घर विकण्याचा विषय कोणी काढू नये. तिच्यानंतर मुलगा प्रबुद्ध आणि मुलगी सुवर्णा यांनी सारखे वाटून घ्यावे.

कलम २. माझे खारीच्या केसांचे कुंचले, रंगाचे डबे आणि अक्षरांची मापे सुवर्णाला. तिच्या शाळेच्या फाटकावरचे नाव मी तीन वेळा बिनपैशाने रंगवून देतो म्हणालो होतो, मुख्याध्यापकांनी प्लॅस्टिकचा बोर्ड लावला. तो एका उन्हाळ्यात वाकडा झाला आहे. ही नोंद केवळ माहितीसाठी.

कलम ३. शेजारी मोहनलालजी कुमावत यांच्याकडे असलेली माझी शिडी मी त्यांनाच देत आहे. नऊ वर्षे ती तिथेच आहे.

कलम ४. गोल्फच्या नव्या चेंडूंची पाच खोकी कपाटात, रत्नमालेच्या साड्यांखाली आहेत. प्रबुद्ध दर वाढदिवसाला कॅनडातून एक खोके पाठवतो. चेंडू फार भारी आहेत, तीन थरांचे. मी एकही मारलेला नाही. रत्नमाला म्हणते, "काहून जपून ठेवता? अंडी हायेत का ते?" तिला मी सांगितले की, जो चेंडू बाभळीत जाणार की पाण्यात एवढेच ठरायचे बाकी असते, तो हवेत किती गिरक्या घेतो याने काय फरक पडतो. ती म्हणाली, मग पोराला तसं सांगा. ते मात्र मी सांगितले नाही. तरी हे साठ चेंडू प्रबुद्धाने स्वतः जयपूरला येऊन छावणीच्या मैदानावर मारावेत. रोज एकच. आईकडेच उतरावे.

कलम ५. हे कलम लांब आहे. खरे तर मृत्युपत्र याच्यासाठीच लिहायला घेतले.

कर्नल (निवृत्त) जयंत शितोळे हे माझे स्नेही. १९९१ साली ते मेजर होते आणि फौजेच्या खास गाड्यांसाठी त्यांचे स्टेशनवर येणेजाणे असे. एका डब्यावरचे माझे अक्षर बघून त्यांनी विचारले, हे छापलंय का? मी म्हणालो, नाही साहेब, हाताने. त्या रविवारी त्यांनी मला मैदानावर नेले आणि हातात काठी दिली. तेव्हापासून आम्ही दोघे सारखेच वाईट खेळतो. फरक एवढाच की साहेब महागडा चेंडू वापरतात आणि मी तळ्यातून काढलेला. हिरवळीवर उतरला की महागडा चेंडू जागच्या जागी थांबतो, असे त्यांचे म्हणणे. माझे म्हणणे असे, की आधी तो हिरवळीवर उतरू द्या. या एका मुद्द्यावर आम्ही अठ्ठावीस वर्षे भांडलो.

आता कबुली. सातव्या होलला मध्ये तळे आहे. तिथे आले की साहेब महागडा चेंडू गुपचूप खिशात टाकत आणि जुना काढत. मी पाहतो हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ते मोरांकडे बघत बघत करत. जानेवारी २०१९ मध्ये मी ठरवले, एकदा सोक्षमोक्ष लावायचा. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका पंपांच्या कारखान्याने स्पर्धेत फुकट वाटलेला चेंडू माझ्याकडे होता, दगडासारखा टणक, वर निळा पंप छापलेला. त्यावर पांढऱ्या इनॅमलचा पातळ हात दिला आणि वर महागड्या कंपनीचे नाव काढले. अक्षर गव्हाच्या दाण्याएवढे. दोन संध्याकाळी लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत सुंदर काम झाले होते. चहाच्या वेळी साहेबांच्या पिशवीतला नवा चेंडू काढून मी हा ठेवला. ते त्याची तारीफ करतील, मग मी नखाने रंग खरवडून पंप दाखवीन, एवढाच बेत होता.

सहाव्या होलवर साहेबांचा आधीचा चेंडू बाभळीत गेला. सातव्यावर ते सवयीने जुना शोधू लागले. मी म्हणालो, "साहेब, एवढा विश्वास आहे तर आज नवाच मारा." त्यांनी मारला. चेंडू तळ्याच्या पलीकडच्या काठावर दगडावर आपटला, ताडकन उडाला, हिरवळीवर एक टप्पा घेऊन सरळ भोकात गेला.

अडुसष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, एका फटक्यात. साहेब टोपी काढून उभे राहिले. मग मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाले, "तेलगोटे, म्हणत नव्हतो? चेंडू!"

त्या क्षणी पंप कसा दाखवणार?

एका फटक्यात भोक गाठणाऱ्याने त्या दिवशी मैदानावरच्या सगळ्यांना खिलवायचे, असा रिवाज आहे. साहेबांनी प्याज कचोरी मागवली. मी तीन खाल्ल्या, एकही उतरली नाही. चेंडू आता त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे, खाली पितळी पाटी. दगडावर आपटल्याने रंगाचा टवका उडून आतले निळे दिसते. नशिबाने चेंडू बसवताना तो भाग मागे गेला. गेली सहा वर्षे घरी येणाऱ्या प्रत्येकाला साहेब सांगतात की चांगल्या चेंडूने काय होते ते पाहा, आणि मला साक्षीला धरतात. मी मान हलवतो. ऑपरेशनला ही मान घेऊन जायची नाही.

म्हणून: साहेबांचा मूळ चेंडू माझ्या कुंचल्यांच्या डब्यात आहे, तो त्यांना द्यावा. सोबत टर्पेंटाइनची लहान बाटली आणि कापूस द्यावा. पेटी उघडून पुसायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे. मला माफ करायचे की नाही, तेही.

वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मी म्हणालो, साहेब आणि मोहनलालजी यांना जे मिळणार आहे ते कोणालाच नको असते. साक्षीदाराने फक्त माझी सही होताना पाहायची असते, मजकूर वाचावा लागत नाही, असेही त्यांनीच सांगितले. त्यामुळे साहेबांपुढे कागद वरून झाकून ठेवीन. मोहनलालजींना मराठी अर्धेच कळते, त्यांची चिंता नाही.

वरील सर्व मी समजून-उमजून लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

उत्तम नामदेव तेलगोटे
दुर्गापुरा, जयपूर
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: मोहनलाल कुमावत
(सीढ़ी वाली बात समझ गया। शाम को भिजवाता हूँ।)

साक्षीदार २: कर्नल (निवृत्त) जयंत शितोळे
तेलगोटे, फौजेत सही करण्याआधी वाचतात. तुम्ही पाणी प्यायला आत गेलात तेव्हा वाचले. पंप मला त्याच संध्याकाळी दिसला होता. टवका मागे मी मुद्दाम केला. टर्पेंटाइन नको, इतके चांगले अक्षर पुसायचे नसते. चेंडू खरा असता तर त्या दगडाची गरजच पडली नसती, हेही नोंदवून ठेवा. डब्यातला चेंडू मुळात माझाच आहे, तो मला मृत्युपत्राने देता येत नाही. बरे झालात की सातव्यावर तो तुम्ही मारायचा. पाण्यात गेला तर गेला. सोमवारी सकाळी सहाला गाडी घेऊन येतो.