बकूचं तोंड

९ जानेवारी १९२७, रविवार
आज परसात भट्टी लावली. गणपतीनंतर पहिल्यांदाच. भात्याच्या चामड्याला भेग पडलेली. तेल चोळून चालवून घेतला. पितळ वितळवायची मूस घरचीच, कौलाचा भुगा मातीत घालून केलेली. नळाच्या जुन्या तोट्या, एक फुटका गडू, समईचा मोडका पाय, एवढं पितळ होतं. वळसंगच्या मामांना बैलासाठी घंटा कबूल केली होती, ती ओतली. एका अंगाला भोकं पडली. वाजते, पण बसक्या आवाजात.
द्वारका मागच्या दारात उभी राहून बघत होती. बकू गेल्यापासून ती परसाकडे फिरकली नव्हती. भट्टी लावली की बकू त्याच दाराच्या पायरीवर बसायची. खाली उतरायचं नाही अशी ताकीद. तिथूनच ओरडायची, "बाबा, झालं का?" सात पूर्ण व्हायची होती. भाद्रपदात घटसर्पानं गेली.
घंटा दाखवावी म्हणून वळलो, तर द्वा. आत गेलेली.

१४ जाने.
संक्रांत. आईनं हट्ट धरला म्हणून तिघं गड्ड्याच्या जत्रेला गेलो. फोटोवाल्याचा तंबू यंदाही त्याच जागी. मागे रंगवलेला पडदा, तळं नि हंस. गेल्या वर्षी बकूला इथंच खुर्चीवर बसवलं होतं. फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं नि ती जी किंचाळली, द्वा.च्या पदरातून बाहेर येईना. पुढच्या वर्षी काढू म्हणालो. घरात तिचा एकही फोटो नाही.
द्वा. तंबूसमोर थांबली. कुणाचं तरी पोर पावडर फासून बसलं होतं. तिला दंडाला धरून पुढं काढावं लागलं. गर्दीत काहीतरी म्हणाली. वाकून ऐकलं.
"मला तिचं तोंड आठवत न्हाय."
होतं असं, म्हणालो.
"तसं न्हाय. आठवतं. पर त्ये तिचं न्हाय."
मला काही कळलं नाही. विचारलंही नाही.

१६ जाने., रवि.
सकाळी चहा ठेवून ती समोरच बसली. "गेल्या वर्सी तुमी पितळंचा नंदी केलाता. तसं बकूचं तोंड हुईल का?"
नंदी कसाही झाला तरी नंदीच, म्हणालो. माणसाचं तोंड मला यायचं नाही.
"करून तर बघा की."
इतक्या महिन्यांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

२० जाने.
मेण मिळालं. त्यात राळ घालून कढवलं, थोडं गोडं तेल. मातीचा गोळा करून त्यावर मेणाचा थर दिला. आता हे मेण कोरायचं. चेहरा जमला की वरून मातीचा लेप, वाळला की भाजायचं. मेण वितळून जातं, पोकळीत पितळ ओतायचं. घंटा-नंदीचं तसंच करतो.
आज नुसतं नाक झालं. कुणाचंही असेल असं.

३० जाने., रवि.
चेहरा होतोय, पण बकू होत नाही. आई बघून गेली. "कपाळ माझ्यागत व्हतं, रुंद. तू बारीक केलंस."
द्वा. चुलीपासून म्हणाली, "कपाळ माझ्या माळशिरसच्या आईगत व्हतं."
"मी काय बघितलं न्हाय व्हय तिला?"
"तुमी बघितलं. मी न्हाऊ घातलं."
दोघी दिवसभर बोलल्या नाहीत. मी कपाळ रुंद केलं, मग बारीक केलं. आता आहे ते कुणाचंच नाही.

४ फेब्रु.
काल शेजारच्या नरसम्मा आल्या होत्या. त्यांच्या मागाच्या खड्ड्याशी बकू तासन् तास बसायची. तेलुगूत आकडे म्हणायला त्यांनीच शिकवले होते. मेणाकडे बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "अण्णा, हे पोरगी गप हाय. आपली बकू गप कवा होती?"
खरं आहे. मी झोपलेलं तोंड करत होतो. बकू हसली की डोळे पार मिटल्यासारखे व्हायचे, नि डावा गाल उजव्याच्या आधी वर जायचा. रात्री अंथरुणात आठवलं. सकाळी कापडगिरणीत जायच्या आधी तेवढा गाल केला.

६ फेब्रु., रवि.
आज जे झालं ते लिहावं की नाही.
दुपारी घोंगडी उन्हात टाकून आलो तर द्वा. मेणापाशी बसलेली. हनुवटीखाली मेण थापत होती. एकावर एक. मान सगळी फुगवलेली, बैलासारखी. गाल ओढून खाली आणलेले, तोंड उघडं. मी ओरडलोच, काय करतेस हे?
वर न बघता म्हणाली, "असं व्हतं तिचं."
मग सांगितलं. शेवटी शेवटी गळा कसा सुजला, श्वास कसा शिट्टीसारखा वाजायचा. "तुमी गिरणीत. सासूबाई देवापाशी. मीच बघत बसलेली असायची. आता डोळं मिटलं की हेच येतं. पयलं कायबी येत न्हाय वो. सात वर्सं कुटं गेली?"
गड्ड्यात म्हणाली होती ते आज कळलं.
मेण तिच्या हातातून काढून घेतलं नाही. शेजारी बसून राहिलो.

९ फेब्रु.
मेण तसंच आहे. फडकं टाकून ठेवलंय. आईनं उचलून बघितलं नि पुन्हा झाकलं. देवाला दिवा लावून बराच वेळ बसली.

१३ फेब्रु., रवि.
द्वा.नं स्वतःच फडकं काढलं. गळ्यावरचं मेण अंगठ्यानं खरवडायला लागली. "आदी कशी व्हती, त्ये सांगा मला. तुमाला आठवतं न्हवं?"
सांगत गेलो. पुढचा दात पडला तेव्हा जीभ त्या खिंडीतून बाहेर काढायची. मला उशीर झाला की डोळे बारीक करून बघायची, पोलिसागत. द्वा. ऐकते, मेण दाबते. कुठं "व्हय" म्हणते, कुठं "न्हाय, असं". डावा गाल आधी वर जायचा हे तिला आठवत नव्हतं. दाखवल्यावर म्हणाली, "व्हय की." आणि हसली, नि लगेच पदर तोंडाला लावला.

२५ फेब्रु.
रोज संध्याकाळी कंदील लागेपर्यंत बसतो. गिरणीतून येताना पाय आपोआप उचलतो. लग्न झाल्यापासून आम्ही इतकं बोललो नव्हतो. कपाळाचं भांडण आपोआप मिटलं. आईनं एक बट काढून दिली, कपाळावर येणारी, ती सगळ्यांनाच पटली.

६ मार्च, रवि.
झालं. आज कुणीच काही बदल म्हणालं नाही. नरसम्मांना बोलावलं. त्यांनी लांबूनच बघितलं, "रा तल्ली" म्हणाल्या, म्हणजे ये गं बाई, आणि रडत घरी गेल्या.

११ मार्च
ऊन चढलं. दुपारी गाल लोंबतो, संध्याकाळी पुन्हा वर करावा लागतो. रांजणाच्या आडोशाला ठेवलं तरी तेच. सोलापूरच्या उन्हाळ्यात मेण टिकायचं नाही. ओतलं पाहिजे.
द्वा.ला साचा समजावून सांगितला. मेण जाणार हे तिला माहीत होतं, पण आज नीट कळलं असावं. "म्हंजे हे जाळायचं? आन् पितळ नीट न्हाय आलं तर?"
तर काही नाही राहणार.
"मग ऱ्हाऊ द्या मेनाचंच."
मे महिन्यात याचा गोळा होईल, म्हणालो. ती उठून गेली. रात्री जेवताना म्हणाली, "करा काय करायचं त्ये."

१३ मार्च, रवि.
पहिला लेप दिला. बारीक माती, शेण, गिरणीतला रद्दी कापूस कातरून. शेवटी डोळे झाकले. द्वा. त्या वेळी घरात नव्हती.

२४ मार्च
साचा वाळला. वाजवून बघितला, ठणठणीत. पितळ मात्र कमी वाटतंय. घंटा मामांकडे गेली. नंदी मोडून घातला. आई हळूच म्हणाली, "पोरीची भातुकली हाय की. पितळीच हाय सगळी. तिच्याच तोंडाला लागंल."
मी द्वा.ला विचारलं. विचारायला नको होतं. डबा पोटाशी धरून बसली. "हे तिच्या हातचं हाय. ह्ये मी देनार न्हाय." बरोबरच आहे. मी पुन्हा विषय काढला नाही. कुलपाचे तुकडे नि एक पळी मिळाली. पुरेल असं वाटतं.

२७ मार्च, रवि.
पहाटेच ओतलं, ऊन व्हायच्या आत. भाता द्वा.नं ओढला. मेण आधीच काढलेलं. थेंब थेंब बाहेर येताना तिनं बघितलं नाही. हनुवटी खाली ठेवून साचा पुरला होता, तोंड स्वच्छ यावं म्हणून. पितळ छान वितळलं, वर पांढरा धूर. सांडशीनं मूस उचलली, एका धारेत ओतलं. साच्याच्या भोकात पितळ वर दिसायला हवं. दिसलं नाही. मूस पालथी केली. संपलं होतं.
गार झाल्यावर फोडला. हनुवटी, ओठ, पडलेल्या दाताची खिंड, दोन्ही गाल, डावा वर गेलेला. सगळं स्वच्छ, माझ्या हातून इतकं स्वच्छ कधी आलं नव्हतं. नाकाच्या अर्ध्यावर पितळ थांबलेलं. वर काही नाही. डोळे नाहीत, कपाळ नाही.
ओंजळभर पितळ कमी पडलं.
द्वा. बघत होती. "भांडी दिली असती तर?"
साचा गार होता म्हणून पितळ मधेच गोठलं, म्हणालो. भांड्यांचा काही संबंध नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. तिला पटलं की नाही, सांगता येत नाही.

३१ मार्च
ते तुकड्यासारखं तोंड तिनं घासूनपुसून लख्ख केलं. मांडीवर घेऊन बसते, ओठांवरून बोट फिरवते. स्वैपाक आईच करते. आज मी देवघराच्या कोनाड्यात ठेवू का म्हणालो.
"बिनडोळ्याची देवापुढं ठेवू?"


३ एप्रिल, रवि.
पाडवा. आईनं गुढी उभारली. द्वा. नवं लुगडं नेसली नाही. दुपारी भातुकलीचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. "घ्या. आता घ्या." नको म्हणालो. आता वरचा भाग वेगळा ओतून जोडला तर सांधा दिसेल, आणि मेणाचा चेहराच राहिला नाही तर ओतू काय? डबा तिथंच राहिला. संध्याकाळी आईनं उचलून माळ्यावर ठेवला.

१० एप्रिल, रवि.
माळशिरसहून मेहुणा आला. तिकडे घेऊन जातो म्हणाला, हवापालट होईल. आईचंही तेच म्हणणं. ट्रंक भरताना द्वा.नं तोंड फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवलं, चारी बाजूंनी लुगडी.
मोटारीशी म्हणाली, "मेन हाय न्हवं अजून? डोळं तेवढं करा तुमी. तवर हे माझ्यापाशी असू द्या."
कधी येशील, विचारलं.
"बगू," म्हणाली. मेहुणा मोटारीत सामान लावत होता. तिनं त्याला सांगितलं, ती ट्रंक खाली नको, मांडीवर द्या.

१७ एप्रिल, रवि.
घर रिकामं. आई नरसम्मांकडे जाऊन बसते. मेण कढवलं. सुरुवात केली नाही.

२२ एप्रिल
माळशिरसहून आलेल्या एका उसाच्या गाडीवाल्याकडून निरोप. द्वा. बरी आहे, जेवते. परत येण्याचं काही नाही.

१ मे, रवि.
सकाळच्या गारव्यात बसलो. बकूचे हसतानाचे डोळे करायचे. मिटल्यासारखे, पण मिटलेले नाहीत. कोरलं, पुसलं. पुन्हा कोरलं. मी डोळे मिटले की आता ते पितळच दिसतं, नाकापर्यंतचं. त्याच्या वर नुसती पोकळी. आईला विचारलं, बकूच्या पापण्या कशा होत्या गं? तिनं बराच विचार केला, म्हणाली, "चांगल्या व्हत्या."
उन्हं परसात यायच्या आत एक डोळा झाला. जिवंत वाटला. हातात धरून उजेडाकडे केला तर तो बकूचा नव्हता. तो द्वारकेचा होता, मेणाशी बसून मला "न्हाय, असं" म्हणताना व्हायचा तसा.
मोडला नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणामागे ठेवलाय. दुपार कशी काढतो बघायचं.