प्रेझेंट सर

प्रिय जयू,

हे पत्र पेटीत टाकायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय, म्हणून खरं लिहिते.

इंटरला मी नापास झाले. नापास झालं की फ्रीशिप जाते, पण आजारपणात वर्ग बुडाले असतील तर राहते, असा नियम आहे. म्हणून डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन अण्णा आणि मी अंधेरीला प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलो. त्यांनी हजेरी मागवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"टायफॉईड झाला होता म्हणतेस. मग वर्गात रोज कोण होतं?"

तू होतीस. माझा नंबर पुकारला की आवाज बारीक करून 'प्रेझेंट सर' म्हणायचीस. माझी टर्म बुडू नये म्हणून एक दिवस चुकवला नाहीस. एखादा तरी चुकवायचास गं.

अण्णा म्हणाले, "साहेब, पोरगी घरी अंथरुणाला खिळली होती."

"मग हिच्या जागी कोण बोललं, ते नाव सांगा. त्या मुलीला आम्ही काढून टाकू आणि हिची फ्रीशिप ठेवू."

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

कांदिवलीला घराशी आल्यावर अण्णा एवढंच बोलले, "फी भरून शिकवणं मला झेपायचं नाही, नलू."

रविवारी घाटकोपरची मंडळी मला बघायला येणार आहेत. मला समोर बसवून नाव विचारतील. तेव्हा माझ्या जागी तू 'प्रेझेंट' म्हणशील का?

तुझी,
एकही वर्ग न बुडवलेली
नलू