ताईच्या वकीलबाई

नाना, गेल्या आठवड्यात मी वकील शोधायला निघालो आणि फिरून फिरून त्याच बाईंच्या जिन्यापाशी येऊन उभा राहिलो, जिथे तुम्ही ताईला घेऊन जायचात. तुमच्या सुनेला आणि मला आता एकत्र राहायचं नाही. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, लग्न तुम्ही गेल्यावर झालं. भांडणतंटा फारसा नाही, पण मुलगा लहान आहे, आणि तो कोणाकडे किती राहणार हे नीट ठरायला हवं. ज्याला ज्याला विचारलं त्याने याच बाईंचं नाव सांगितलं. ताई तर फोनवर लगेच म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर, त्या मला चांगल्या ओळखतात." मी म्हटलं, नको. तिला ओळखतात म्हणूनच मला ती बरोबर नको होती.

ताई तुमच्याबद्दल बोलते तेव्हा तिच्या केसच्या त्या वर्षांबद्दलच बोलते. तारीख झाली की सीबीएस स्टँडजवळ तुम्ही दोघं मिसळ खायचात, तुम्ही रस्सा वेगळ्या वाटीत मागायचात आणि पाव कोरडाच खायचात. एकदा गंगेवर, गोदावरीच्या घाटावर बसून तुम्ही तिला तुमची शाळा का सुटली ते सांगितलंत म्हणे. मला आजही ते माहीत नाही. ताईला विचारलं तर ती सांगेल, पण मी विचारणार नाही. चाळिशीला टेकलेला माणूस बहिणीच्या घटस्फोटावर जळतो, हे कोणाला सांगायची सोय नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय.

ताई माहेरी आली ती एका पिशवीनिशी. कानावर बसलेल्या थपडांमुळे तिला डाव्या बाजूने कमी ऐकू यायचं. तुम्ही तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसलात आणि म्हणालात, "पोरी, मी बघतो वकिलाचं." आणि थेट युनियनच्या वकिलांकडे गेलात. तुमच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच होतं. सातपूरच्या कारखान्यातून तुम्हाला काढलं तेव्हा याच वकिलांनी तुम्हाला पुन्हा आत घ्यायला लावलं होतं. गळ्यात हार घालून तुम्ही गेटमधून आत गेला होतात, आईने गल्लीभर पेढे वाटले होते. आपल्या घरात वकील म्हणजे ते एकच. आई एवढंच म्हणाली, "अहो, ते कामगारांचे वकील हायेत." तुम्ही म्हणालात, "वकील तो वकील. लय जोरात बोलतो कोर्टात. भल्याभल्या मालकांची बोलती बंद केली त्यानं, हा जावई काय चीज हाय?"

माझं तेव्हा आयटीआय संपत आलं होतं. अप्रेंटिसशिपसाठी तुमच्या साहेबांकडे एक शब्द टाका आणि एकदा माझ्याबरोबर गेटपर्यंत या, एवढंच मागणं होतं. तुम्ही बुटाची नाडी बांधता बांधता म्हणालात, "तू बाप्या माणूस, तुझं तू बघ." साहेबांकडे तुम्ही शब्द टाकलात खरा, पण तो कायमच्या सेकंड शिफ्टसाठी. सकाळ कोर्टाला मोकळी मिळावी म्हणून. मी दुपारी घरी यायचो तेव्हा तुम्ही कंपनीत गेलेले, आणि तुम्ही यायचात तेव्हा मी झोपलेला. सुट्टीच्या दिवशी गाठ पडायची, तर तुम्ही ताईशेजारी बसून पुढच्या तारखेचं बोलत असायचात. माझं मी बघितलं. अप्रेंटिसशिप लागली तेव्हा तुम्ही "छान" म्हणालात आणि ताईला विचारलंत, औषध घेतलं का.

तुमच्या वकिलांना आयुष्यभर एकच विजय माहीत होता, काढलेल्या माणसाला परत आत घ्यायला लावणं. त्यांनी ताईच्या सासरी झणझणीत नोटीस धाडली, की आमच्या अशिलाला सन्मानाने नांदायला घेऊन जा, नाहीतर कोर्टात खेचू. त्यांनी ती वाचून दाखवली तेव्हा तुम्ही मान डोलावत होतात, कारण तुमच्या वेळची नोटीसही अशीच होती. ताईला कोणी विचारलंच नाही. ती आत पोळ्या लाटत होती. आणि नोटीस लागू पडली. एके सकाळी सासरची जीप दारात येऊन उभी राहिली. सासरे, जावई, साडी, नारळ, सगळं घेऊन. वकीलसाहेबही आले आणि खुर्चीत बसत म्हणाले, "जिंकलो, नाना."

तुम्ही स्वयंपाकघरात जाता. मी चौकटीला टेकून उभा आहे. ताई पिशवी भरते आहे, एकेक साडी घडी घालून. तुम्ही म्हणता, "पोरी, न्यायला आलेत." ती वर न बघता म्हणते, "नाना, तुम्हाला कामावर परत जायचं होतं. मला नाही जायचं." तुम्ही तिच्या हातातली साडी काढून घेऊन फळीवर ठेवता आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगता, "चहा घ्या आन् निघा. लेक येनार नाय." वकीलसाहेब म्हणतात, "अहो, आपणच मागितलंय ना हे?" तुम्ही म्हणता, "माझं चुकलं." हे शब्द मी तुमच्या तोंडून ना आधी ऐकले होते ना नंतर ऐकले. मला ताईसाठी बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याहून जास्त जळफळाट झाला. सगळी गल्ली दारात उभी असताना तुम्ही तिच्यासाठी कमीपणा घेतलात. माझ्या बाबतीत काही चुकायला तुम्ही कधी हातच घातला नव्हता.

त्यानंतर खरा शोध सुरू झाला. गावाकडच्या जमिनीचे दावे चालवणारे एक वकील म्हणाले, समजुतीने घ्या. नाशिक रोडचे एक वकील जावयाला शेती किती, एवढंच विचारत राहिले. तुम्ही रोज सकाळी ताईला स्कूटरवर मागे बसवून निघायचात आणि मी खिडकीतून बघायचो. शेवटी बाई सापडल्या त्या ताईलाच. कोर्टाच्या जिन्यावर एक बाई आपल्या वकीलबाईंना काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती आणि त्या हातातलं ओझं कठड्यावर ठेवून तिला समजेपर्यंत सांगत होत्या. ताई म्हणाली, "नाना, या बाई हव्यात." या बाई फक्त कुटुंबाच्याच केसेस घ्यायच्या, आणि पहिल्या दिवशी त्यांनी तुम्हाला बाहेर बसायला सांगून ताईला विचारलं, "तुला काय हवंय?" ताईला जे हवं होतं ते तिला मिळालं. वेळ लागला, पण मिळालं.

गेल्या आठवड्यात मलाही त्यांनी तेच विचारलं. मुलगा निदान अर्धा वेळ तरी माझ्याकडे हवा, असं मी सांगितलं. त्यांनी पाणी दिलं. मग आडनाव पुन्हा विचारलं आणि म्हणाल्या, "याच आडनावाचे सातपूरचे एक गृहस्थ यायचे मुलीला घेऊन. ती आत बोलत असली की बाहेर बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायचे, दोन्ही कानांवर हात ठेवून. दार बंद असायचं, तरीसुद्धा. लेकीचं बोलणं आपल्या कानावर पडू नये म्हणून." हे ताईला माहीत नाही, नाना. ती तर आत होती. तिच्याकडे नसलेलं तुमचं काहीतरी मला मिळालं, आणि मी त्या खुर्चीत बसून मनातल्या मनात अक्षरशः नाचलो. त्या लोभापायी आणखी विचारलं, "त्यांना मुलगा वगैरे होता का?" बाईंनी आठवून पाहिलं. "नसावा. एकुलती एक लेक असणार. मुलाचं नाव कधी निघालं नाही. का, तुमचे कोणी?"

"नाही," मी म्हणालो, "आडनाव तेवढं सारखं."

वकीलपत्रावर सही करायला त्यांनी मला सोमवारी बोलावलं होतं. तिथे पूर्ण नाव लिहायचं, म्हणजे माझ्या नावापुढे तुमचं आलंच. ते वाचलं की बाई चमकून बघणार, ताईची चौकशी करणार, आणि तुम्ही पुन्हा ताईचे. सोमवार होऊन गेला. ताईने विचारलं, तर बाई फार कामात आहेत असं मी ठोकून दिलं. पोराचं लांबणीवर पडतंय हे मला कळतं, या आठवड्यात जावंच लागेल. हे पत्र तर कुठे टाकायचं नाहीच, म्हणून खरं काय ते लिहून टाकतो. कानांवर हात ठेवून बाकावर बसलेले तुम्ही मला अजून दोन-चार दिवस एकट्याला हवे आहात.