चाचांना जीपवरून उतरवलं तेव्हा

बाबा,

काल दुपारी नातीनं मला एक सिनेमा दाखवला. परदेशातून आलेला एक माणूस कुठल्याशा गरीब देशातल्या पुढाऱ्याला निवडणूक कशी जिंकायची ते शिकवतो, अशी गोष्ट होती. पुढारी जन्मात कधी गोठ्यात गेलेला नाही, त्याला तो फोटोसाठी धार काढायला बसवतो. गाय बादली लाथाडते, पुढाऱ्याचे कपडे भिजतात, आणि हा माणूस म्हणतो, छान, असेच राहू द्या. भाषणात कुठं थांबायचं, डोळ्यांत पाणी कधी आणायचं, तेही शिकवतो. नात पोट धरून हसत होती. मला म्हणाली, "आजी, निवडणुका खरंच अशा लढवतात, माहितेय तुला?" मी म्हटलं, "माहीत आहे." तिला वाटलं, मी उगाच हो ला हो केलं. चहा ठेवते असं सांगून मी उठले आणि स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. पण त्या ओट्याशी उभं असताना मला आपलं पिंपळगावचं घर दिसत होतं, आणि पाटावर बसलेले तुम्ही.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झालेला होता. तुम्ही गावचे सरपंच. शाळेला दोन खोल्या बांधून घेतल्या, नदीकाठची विहीर खोल केली, लोक तुमचं ऐकत होते. विधानसभेला उभं राहा, असा आग्रह लोकांनीच धरला. पक्षाचं तिकीट काही मिळालं नाही, मग अपक्ष उभे राहिलात. मलकापूरच्या जिनिंगचे शेठ, ज्यांच्याकडं आपला कापूस जायचा, त्यांनी जीप दिली आणि जीपबरोबर एक माणूस दिला. शेठच्या मुंबईच्या मित्राचा मुलगा. अमेरिकेत राहून जाहिरातीचं आणि प्रचाराचं शास्त्र शिकून आलेला. मराठी त्याला येत नव्हतं, हिंदी तुटकं, बोलायचा ते इंग्रजीच. गावानं त्याचं नाव अमेरिकावाला ठेवलं. पाणी उकळून प्यायचा, सारखा घाम पुसायचा, पण आई ओसरीवर आली की चटकन उठून उभा राहायचा. माणूस वाईट नव्हता, बाबा. सिनेमातल्यासारखा तर मुळीच नव्हता.

मी नुकतीच अमरावतीहून बी. ए. होऊन घरी आले होते. तुम्ही पाहुण्यांना सांगत होता, "माही पोरगी विंग्रजी बोलते," आणि आता त्या बोलण्याचा उपयोग होणार म्हणून तुम्हाला कोण आनंद झाला होता. ओसरीवर तुम्ही सतरंजीवर, तो खुर्चीवर, आणि मधे मी. तो बोलायचा, मी आपल्या बोलीत तुम्हाला सांगायची. तुम्ही बोलायचात, मी त्याला इंग्रजीत सांगायची. त्यानं तुम्हाला बैलगाडीत बसवून फोटो काढायचा ठरवला. तुम्ही आयुष्यभर सायकलवरून हिंडलेले. म्हणालात, "हे सोंग काऊन? लोक मले सायकलवरच पाह्यतात ना." तो म्हणाला, मुंबईच्या पेपरात बैलगाडीच शोभून दिसते. मग शेजारच्यांची गाडी आणली. बैलांना तुमचा वास ओळखीचा नव्हता, ते जागचे हलेनात. आई आतून पदर तोंडाला लावून हसत होती आणि तुम्हीही शेवटी हसलात. ते दिवस मला तसे आठवतात, हसण्याचे. तोवर काही बिघडलं नव्हतं.

आणि जीपवर पुढं भोंगा घेऊन उभे असायचे आपले दर्जी चाचा. मशिदीच्या गल्लीत त्यांचं शिलाई मशीन. तुम्ही दोघं लहानपणी एकाच आखाड्यात मातीत लोळलेले. तुम्हाला 'भाऊ' म्हणणारे आणि तरीही 'अरे-तुरे' करणारे गावात ते एकटेच होते. फॉर्म भरायच्या दिवशी ते खादीची नवी बंडी शिवून घेऊन आले होते. मापं घेतली नव्हती. म्हणाले, "तुह्या अंगाचं माप मले नाई त कोनाले ठाव राहीन?" बंडी नेमकी बसली. चाचांचा आवाज असा होता की भोंगा नसता तरी वेशीपर्यंत गेला असता. जीप गावात शिरली की ते तुमचं नाव घ्यायचे, मग विहिरीचं सांगायचे, शाळेचं सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, ती विहीर याच माणसाच्या घरची आहे.

मग अमेरिकावाला चार दिवस वही घेऊन एकटाच गावोगाव फिरला. सोबत शेठचा ड्रायव्हर, तोच लोकांचं बोलणं हिंदीत त्याला सांगायचा. परत आला त्या दुपारी ओसरीवर आपण तिघंच होतो. त्यानं वही उघडली आणि हळू आवाजात सांगितलं की वरच्या अंगाच्या सात-आठ गावांत लोक जीपवरच्या माणसाबद्दल बोलतात. सरपंच चांगला आहे, पण पुढं 'त्याला' कशाला उभा करतो, असं म्हणतात. मतदान होईपर्यंत तो माणूस जीपवर दिसायला नको. मी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. मग उठलात आणि मागच्या दारी गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा नेहमीसारखे आले. निघण्याआधी ते आपल्याकडंच जेवायचे. आईनं चुलीपुढं दोघांची पानं मांडली होती, ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. मी परातीपाशी बसले होते. तुम्ही त्यांच्याकडं न पाहता म्हणालात, "आजपासून तू घरी राह्य. मतदान होऊ दे, मंग पाहू."

चाचांच्या हातात घास होता. "काऊन? तब्येत त बरी हाये माही."

"तसं नाई. त्या वरच्या गावाईत लोक बोलून राह्यले."

पुढं सांगायची गरज पडली नाही. चाचांनी घास खाली ठेवला. मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरले नाही. ते तुमचीच सुटका करायला लागले. म्हणाले, "हाव भाऊ. मले बी वाटतच होतं, गळा बसून राह्यला माहा दोन दिवसापासून. बरं झालं तूच म्हनला." त्यांचा गळा ठणठणीत होता. त्यांनी हात धुतला, आईला म्हणाले, "भाभी, भाजी झकास झाली," आणि गेले. पानात दीड भाकरी तशीच होती.

आई तुमच्याकडं न बघता म्हणाली, "निवडून याचं त या. पन माह्या चुलीपुढं बसवून मानसाले असं उठवू नका." तुमच्यावर आवाज न चढवता तिनं केलेली ती एकच कानउघाडणी. जीप आली, तुम्ही बसलात, भोंगा शेठच्या दुसऱ्याच कोणा माणसाच्या हातात होता. विहिरीचं त्याच्याकडूनही पाठ करून घेतलं होतं, पण ते पाठ केल्यासारखंच ऐकू यायचं.

तुम्ही हरलात. थोडक्यात नाही, चांगलेच हरलात. वरच्या गावांनी मतं दिली नाहीतच, आणि मशिदीच्या गल्लीनंही दिली नाहीत. अमेरिकावाल्याला सोडायला मीही मलकापूर स्टेशनावर गेले होते. गाडीत चढताना त्यानं तुमचा हात दोन्ही हातांत धरला आणि माफी मागितली. मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्याले सांग, तुहा काई दोष नाई. जीभ माही होती."

चाचा नंतरही आपले कपडे शिवायचे. माझ्या लग्नातलं पोलकंही त्यांनीच शिवलं. पण घरात कधी जेवले नाहीत, आणि तुम्हाला 'भाऊ' म्हणाले नाहीत. रस्त्यात भेटले की थांबायचे, हात कपाळाला लावायचे, "सरपंच साहेब, ठीक हाये ना तुमचं?" ते 'तुमचं' ऐकलं की तुमचा चेहरा उतरायचा. दोनदा तुम्ही त्यांच्या दुकानात जाऊन बसलात, हे मला आईकडून कळलं. त्यांनी चहा मागवला, कापसाचं विचारलं, पावसाचं विचारलं. तुम्ही जे बोलायला गेला होता ते त्यांनी तुम्हाला बोलूच दिलं नाही.

चाचांना माती द्यायच्या दिवशी मी माहेरीच होते. तुम्ही कबरस्तानातून परत आलात, पायांवर पाणीही न घेता ओसरीवर बसलात आणि मला म्हणालात, "बाई, मी हो म्हनलो नसतो त काय झालं असतं? तसाई हरलोच ना." मी तुमच्याजवळ बसले. तुम्ही उत्तराची वाट पाहत होता. मी म्हटलं, "बाबा, तुमच्यापुढं दुसरा रस्ता नव्हता." त्यानंतर सहा वर्षं तुम्ही जगलात, आणि हेच धरून जगलात, की रस्ता नव्हता आणि तरी चूक तुमची होती.

अशा सिनेमांत लोक त्या परदेशी माणसाला हसतात, पुढाऱ्याला हसतात. उतरवलेल्या माणसाचं पुढं काय झालं ते कोणी दाखवत नाही. आणि मधे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगणारीकडं तर कोणाचं लक्षच नसतं. तुमचंही नव्हतं.

त्या दुपारी वही मिटताना अमेरिकावाला आणखी बोलला होता. तो म्हणाला, हा माणूस यांचा जुना मित्र असेल, त्याच्या मनाला लागणार असेल, तर माझं ऐकू नका. त्याला राहू द्या, आपण त्या गावांसाठी दुसरं काहीतरी शोधू. तुम्ही मला विचारलं, "आनखी काय म्हनते तो?" मला तुम्हाला आमदार झालेलं पाहायचं होतं. तुमच्याबरोबर मुंबईला जायचं होतं, तिथं शिकायचं होतं, राहायचं होतं. मी म्हटलं, "काही नाही, बाबा. एवढंच."