रिकामी मांडी

३ डिसेंबर, बालीगंज

श्यामले, चष्मा कपाळावरच असेल, तो आधी डोळ्यांवर घे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला अक्षर येत नाही, म्हणून ही वही. मी बोलते, नात चैत्राली लिहिते. महिनाअखेरीस लेक केयूर पोस्टात टाकेल. आपण सासरी निघालो तेव्हा आईने दोघी बहिणींना दिलेली खूण तू विसरलीच असणार, म्हणून पुन्हा सांगते. मी गोड काही मागवलं तर समज, मजेत आहे. कारल्याचं लोणचं मागवलं तर काही न विचारता माणूस धाड.

काल पोचले. लेकाचं बँकेचं घर तिसऱ्या मजल्यावर. हवेशीर आहे, पण जिना माझा जीव घेणार. चैत्राली अकरा वर्षांची, इथेच वाढलेली. ‘माझी पाय दुखतो’ असलं तिचं मराठी. दर दुसऱ्या शब्दाला पेन थांबवून अर्थ विचारते. आत्ताच ‘खूण’ ऐकून घाबरली. तिला वाटलं, आईने कुणाचा तरी खून केला! दोघी पोट धरून हसलो.

तर, मजेत आहे. श्रीखंडाच्या वड्या पाठव.

८ डिसेंबर

सून विनीता खेड्यापाड्यांतली लहान चित्रसंग्रहालयं हिंडून त्यांच्यावर लिहिते. आज आम्हालाही नेलं, बराकपूरच्याही पुढे तासभर. जुनी कचेरी, चार खोल्या. तिकीट देणारा, दिवे लावणारा एकच म्हातारा. विनीता पाट्या वाचते, मी चेहरे वाचते. माझं लवकर आटपतं.

शेवटच्या खोलीतल्या चित्रात एक बाई. नऊवारी, काष्टा, नाकात नथ! बंगालच्या खेड्यात ही कुठून आली, कुणाला ठाऊक नाही. हात असे वळलेले, जणू मूल धरलंय. पण मांडी रिकामी. माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं मला. निघताना सवयीने म्हटलं, येते हं, तुम्हीही या की बालीगंजला. चैत्राली खिदळली.

म्हातारा हसला नाही. मी काय म्हणाले ते त्याने विनीताकडून समजून घेतलं. मग म्हणाला, बंगाली माणूसही निघताना ‘येतो’च म्हणतो, पण या खोलीत ‘जातो’ म्हणायचं असतं. आणि बोलवायचं तर मुळीच नाही. विनीता म्हणाली, किती छान, हे लिहून घेते.

११ डिसेंबर

चैत्राली आता अर्थ विचारत नाही. मुद्दाम ‘उतरंड’ म्हटलं, ‘फडताळ’ म्हटलं. पेन अडलं नाही. काल माझं लुगडं नेसली, माझ्याहून चापूनचोपून. कुणी शिकवलं? परवापर्यंत ‘ए आजी’ होते, आता ‘अहो आजी, तुम्ही’. केयूरला सांगितलं तर म्हणाला, आई, मराठी येत नव्हतं तेव्हा कुरकुर, आलं तरी कुरकुर. मी हसले. पण एखादा तरी शब्द विचारायला हवा होता पोरीने.

१५ डिसेंबर

हट्टाने पुन्हा गेले. चैत्राली पोट दुखतं म्हणून बापाजवळ राहिली.

बाई तशीच. मांडीवर मुलगी. पाठमोरी, दोन वेण्या, निळ्या फिती. आमच्या चैत्रालीच्या शाळेच्या असतात तशा.

विनीता म्हणाली, ती पहिल्यापासूनच आहे, पाटीवर मायलेकी असं लिहिलंय, आई, तुम्ही विसरलात. मी! म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

घरी येऊन चैत्रालीला आठ तारखेचं वाचायला लावलं. तिने वाचलं, मांडीवर मुलगी.

मी तसं सांगितलं नव्हतं. श्यामले, तुला वाचता येतं. मागचं पान उलटून बघ.

१७ डिसेंबर

हेही सगळं ती लिहून घेते. हसत. मी दोन शब्द बोलते, पेन चार ओळी धावतं — काय लिहिते? वही विनीताला दाखवणार होते. ती मेदिनीपूरकडे, तिथली संग्रहालयं — केयूर ऑफिसात. आलेलीला परत कसं धाडायचं, म्हाताऱ्याला विचारायला हवं होतं. आमची पोर तिथे, तोंड फिरवून —

१८ डिसेंबर

दुपार. घरात दोघीच. विचारलं, खूण म्हणजे काय गं? एकदा तरी चुकीचं सांग, बाळा. एकदाच —

बरोबर सांगितलं. आईच्या खुणेसकट.

१९ डिसेंबर

श्यामले, कारल्याचं लोण —

श्रीखंडाच्या वड्या पाठवा. आजी आता बोलत नाहीत, मीच लिहिते. आम्ही मजेत आहोत. माणूस धाडू नका. गोडच पाठवा, भरपूर, नाहीतर करून ठेवा. मी येते —