हाडच्या मागोमाग

५ ऑक्टोबर ८६, रविवार

गेले एकदाची रानात! रडून रडून जीव खाल्ला होता कुत्र्याने. हे आजारी पडल्यापासून दर रविवारी उजाडलं की दारात बसून गळा काढायचा. ह्यांचा रविवार तो. दोघं मागच्या भिंतीच्या भगदाडातून नॅशनल पार्कात शिरायचे ते जेवायच्या वेळेला परत. गिरणी बंद पडली तेव्हापासूनचा नेम. आता ह्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणतात, "बोलतील, नाहीतर नाहीही बोलणार." एवढं शिकून हे सांगतात!

शेवटी आज मीच साखळी धरली. शेजारच्या वसुधाला ह्यांच्यापाशी बसवलं. "सुगंधा, तू आणि जंगलात? वाघबिघ नेईल ना!" म्हटलं, नेलं तर नेलं. ब्लाउज तेवढे शिवून पोचव लोकांचे.

नदीपर्यंत जाऊन परत फिरले. पायांचे तुकडे पडले. कुत्रा ताजातवाना!

८ ऑक्टोबर

आज कापड घेऊन आलेली बाई विचारत होती, "कुत्र्याचं नाव काय?" सांगितलं तर हसत सुटली.

ह्यांच्या पाठोपाठ हा घरात आला तेव्हा मी दिवसभर एकच ओरडायचे — हाड! हाड! त्याला वाटलं बारसं झालं. तेव्हापासून हाड म्हटलं की शेपूट हलवत मांडीवर येतो. "ये ये" म्हटलं तर इतरांकडे बघतो. रस्त्यावर कुणीही कुठल्याही कुत्र्याला हाकललं की हा आपलं काम आहे म्हणून धावत जातो! ह्यांना काय आनंद व्हायचा. "बघ गो, तूच ठेवलस नाव."

१२ ऑक्टोबर, रविवार

साखळी सोडली. भीत भीतच सोडली. पळाला नाही. पुढे जातो, वळणावर थांबतो, मी दिसले की पुन्हा पुढे. दम लागून मी बसले की तोही बसतो, पण पाठ माझ्याकडे आणि तोंड झाडीकडे. राखण! घरात उशी फाडणारा तो हाच का, असा प्रश्न पडला.

नदीत पाणी अजून आहे. दगडांवरून नितळ वाहतं. बोरिवलीत बावीस वर्षं काढली, खिडकीतून हा डोंगर रोज बघितला आणि त्याच्या आत नदी आहे हे ऐकूनच माहीत. कमाल आहे माझी!

१९ ऑक्टोबर, रविवार

आज नवलच. नदीकाठी उंबराखाली एक रुंद कातळ आहे. हाड त्याच्यावर चढला आणि अगदी एका कडेला बसला. उरलेली जागा रिकामी. मी उभीच, तर भुंकायला लागला. मग कळलं. ही ह्यांची जागा! मी बसले तेव्हा गप्प झाला.

म्हणजे हा मला फिरवत नाहीये. ह्यांच्या वाटेने नेतोय, एकेक थांबा घेत. माणसाला सांगता येत नाही ते कुत्रा सांगतो. काय जनावर आहे! समोर खंड्याने मासा उचलला. टाळी वाजवावीशी वाटली, वाजवली.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. उंबर म्हटल्यावर डोळे चमकले.

२१ ऑक्टोबर

वसुधा बटाटे सोलता सोलता म्हणाली, "राग नको मानू हां. पण दर रविवारी इतकी वर्षं एक पुरुष रानात जातो, ते काय झाडं बघायला? विचार कर ना जरा."

तिला बटाट्यांसकट घालवून दिली. पण भुंगा सोडून गेली ना डोक्यात.

२६ ऑक्टोबर, रविवार

बांबूंच्या बेटापाशी हाड एकदम थांबला. मागे आला आणि माझ्या पायांवरच बसला. हलेना. ढकललं, नावाने हाक मारली, नाहीच. अंगावरचे केस सगळे उभे. वारा नव्हता आणि एकही पाखरू बोलत नव्हतं. मग मलाही वास आला. उग्र, ओल्या गोणपाटासारखा. रवळनाथाचं नाव घेत उभी राहिले. बऱ्याच वेळाने पाखरं बोलायला लागली तेव्हा साहेब उठले, अंग झटकलं आणि चालायला लागले, जसं काही झालंच नाही!

पुढे वाटेच्या चिखलात पंजा उमटलेला. माझ्या तळहाताएवढा. ताजा.

ज्याच्यावर दिवसातून दहादा खेकसले त्याने माझा जीव राखला. आज त्याला माझ्या पानातली तळलेली सुरमई दिली. काटे काढून.

२ नोव्हेंबर

दिवाळी. वाघाला न घाबरणारा फटाक्यांना घाबरून पलंगाखाली.

९ नोव्हेंबर, रविवार

कातळाच्या पुढे ओढा लागतो. तिथून एक वाट वर चढते. हाड त्या वाटेने सुटला. वर धूर दिसला, कुणाचीतरी चूल. वसुधाचे शब्द आठवले आणि तिथेच थांबले. हाड वरून भुंकत होता, ये म्हणून. मी वळले. फार नाराज होऊन आला मागून.

घरी ह्यांना विचारलं, "ओढ्याच्या वर कोण रव्हता?" ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. अर्धंच फिरतं ते, तेवढं फिरवलं.

बरं! म्हणजे कुणीतरी आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेले नाही. हाड रडला. रडू दे. मशीन चालवत बसले, धागा तुटत राहिला.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेले. म्हटलं, एकदाचं काय ते डोळ्यांनी बघू. रात्रभर तळमळण्यापेक्षा बरं.

ओढ्यावरून वर चढलं की चारपाच झोपड्यांचा पाडा. हाड सरळ पहिल्या झोपडीत घुसला, सासरवाडीला आल्यासारखा. आतून बाईचा आवाज, "हाडोबा आला रं!" माझ्या अंगाचा तिळपापड. त्या नावाने ह्यांच्याशिवाय कुणी इतक्या मायेने हाक मारलेली ऐकली नव्हती.

बाई बाहेर आली. मंजुळा तिचं नाव. माझ्याच वयाची, काटक, पांढरे केस. मागून तिचा म्हातारा. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसायलाच लागली.

"आलीस का बाय? तूच ना ती, मागून येनारी?"

मी विचारलं, कोण मागून येणारी?

मग तिने सांगितलं. ह्यांनी पहिल्यांदा येऊन पाणी मागितलं तेव्हा तिने विचारलं होतं, एकटेच का? हे म्हणाले, बायको येतेय मागून. दमलीय, हळूहळू येतेय. मग दर रविवारी तेच! म्हाताऱ्याशी बोलत बसायचे, कोरा चहा घ्यायचे आणि उठताना म्हणायचे, आज परत फिरली वाटतं. "आमी म्हनायचो, ही बाय चालते का रांगते!" तिला सगळं ठाऊक. माझं मशीन, माझा राग, माझी तिखट आमटी. "लय रागीट हाय, पन तिच्यावानी मानूस नाय, सांगायचं." आणि झोपडीमागचा झरा मला दाखवायचा होता म्हणे ह्यांना.

झरा बघितला. एवढासाच आहे. दगडाच्या फटीतून येतो, थंडगार. ओंजळ धरून तिथेच रडले. हाड शेजारी पाणी पीत होता, चपाचप.

ह्यांच्या आजाराचं सांगितलं तेव्हा मंजुळा खालीच बसली. निघताना पदरात रानातले कंद, उकडलेले करांदे घातले. "त्यांस्नी आवडतात."

तीच तारीख, संध्याकाळ

करांदे कुस्करून भरवले आणि भरवता भरवता भांडले. जन्मात भांडले नाही अशी. "मागसून येता काय! इतकी वर्सां त्या लोकांका सांगितलास, माका सांगूक काय झाला? तोंड चलत होता तेव्हा एकदा तरी म्हटलास, चल म्हणान?"

अर्ध्या तोंडाने हसत होते. डोळ्यांतून पाणी मात्र दोन्हीकडून. मग मलाही हसू आलं. असला कसला माणूस! गर्दीत बायकोशी चार हात अंतर ठेवून चालणार आणि रानात तिचं कौतुक सांगत फिरणार.

वसुधाला बोलावून झऱ्याचं सांगितलं. म्हणाली, "आमचे कधी गच्चीवरसुद्धा नाही नेत."

३० नोव्हेंबर, रविवार

ह्यांना ताप. गेलो नाही. हाडही रडला नाही, पलंगाला टेकून बसला.

७ डिसेंबर, रविवार

ताप उतरला. वसुधा आली म्हणून निघाले होते. उंबऱ्यावर बसून चपला घालत होते, हाड शेजारी. तेवढ्यात मागून आवाज. घोगरा, ओढलेला, पण ह्यांचाच!

"चल."

नुसतंच चल. पुढे गो नाही, रे नाही. मी आणि हाड, दोघंही उठलो.