मागच्या दाराची काच

डेट्रॉइट, सोमवार, ११ जुलै १९७७

सही केली नाही! ‘आठवडाभर थांबा’ एवढंच म्हणालो, पण केली नाही.

नव्या चार दारांच्या गाडीत मागची काच उतरणारच नाही. कायमची बंद. गाडी आखूड केली, मागचं चाक दारात घुसलं, काचेला खाली जायला जागाच उरली नाही. पेट्रोल महागलंय, गाड्या लहान करणं भाग आहे – मलाही पटतं. पण दारांचं डिझाइन माझ्याकडे आहे. माझ्या सहीशिवाय दार पुढे सरकत नाही.

माझा तोडगा साधा आहे. काचेच्या मध्ये एक उभी पट्टी घालायची. मागचा तुकडा पक्का, पुढचा उतरेल. आमच्या चीफनं, हार्लननं, नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. “मागे बसतं कोण, लेन? पोरं आणि कुत्री!”

माझी आई बसते.

मंगळवार, १२ जुलै

मी हे गाडीसाठी करतोय की आईसाठी?

परवा चर्चहून तिला घरी सोडताना आमचा जुना खेळ चालला होता – पुढच्या गाडीचे मागचे दिवे पाहून मॉडेल आणि साल ओळखायचं. आईचं आयुष्य कारखान्यात सीटांची कव्हरं शिवण्यात गेलं. या खेळात तिला कुणी हरवलेलं नाही. पण हल्ली ती गप्पच असते. माझ्या बायकोनं, डोलोरेसनं, छेडलं, “आई, अहो ही तर सोपी आहे. कटलस!”

आई म्हणाली, “आता सगळ्या सारख्याच दिसतात.”

लागलं! शालजोडीतला होता, आणि खराही. एकच सांगाडा, वर चार नावं, नाकावर चार वेगळ्या जाळ्या – हे आम्हीच तर केलं.

मग म्हणाली, “काच उतरव रे जरा.” डोलोरेसचे केस उडतात म्हणून मी टाळलं. आईला यंदा भर जानेवारीतही काच खालीच हवी होती. म्हातारपणाचा हट्ट.

गुरुवार, १४ जुलै

पट्टीच्या दाराचा लाकडी नमुना तयार. काच उतरते! सुतारांनी टाळ्या वाजवल्या. मागे हटायचं नाही.

शुक्रवार, १५ जुलै

शुक्रवारी जेवायला आम्ही चाचणीची गाडी नेतो – आज नवीच, मागच्या बंद काचांची. चालवायचा मान चीफचा. आज मीच आधी चाकामागे जाऊन बसलो. “मागे बसा, हार्लन. पोरं आणि कुत्री आज आलेली नाहीत.”

बसला. एसी मी लावला नाही. काय ऊन! सिग्नल तर प्रत्येक लालच मिळाला. उतरला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, टाय खिशात. मनात म्हटलं, जिंकलो!

“झकास!” हार्लन म्हणाला. “आता जादा पैशांचे एसी दुप्पट खपतील.”

सगळे हसले. मीही हसलो – का हसलो?

परतताना म्हणाला, “उकाड्याला एसी आहे. दुसरं काही कारण असेल तर सांग. नसेल तर सोमवारी सही कर. आणि गाडी घरी ने, आईला मिरवून आण.”

दुसरं कारण माझ्याकडे नव्हतं.

रविवार, १७ जुलै

आईला नव्या गाडीत बसवलं. एसी लावला. आत अगदी शांत. सिग्नलला थांबलो तर मागे तिचा हात दारावर काहीतरी चाचपडत होता.

“ती काच उतरत नाही, आई. गार वाटतंय ना?”

“गार आहे रे. पण ऐकू येत नाही.”

“काय?”

“गाड्या.” मग म्हणाली, “नाताळपासून ते दिवे मला दिसत नाहीत, लेन. नुसता लाल धूर. काच खाली असली की कळतं तरी, कुठे आलो, पुढे काय आहे.”

सगळ्या सारख्याच दिसतात! ती डोळ्यांचं सांगत होती. मी ऐकलं ते गाड्यांच्या पत्र्याचं.

मी माझी काच पूर्ण उतरवली. शेजारी एक गाडी येऊन थांबली.

“मॅव्हरिक,” आई म्हणाली. “सहा सिलिंडर.”

बरोबर.

उद्या आधी डोळ्यांचा डॉक्टर. तिथून थेट हार्लनकडे – तिला घेऊनच. कारण सापडलं.